चिकित्सा करा, मगच सुई टोचून घ्या

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात एक शिबिर झाले. पत्रकावर वर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली ठळक अक्षरात 'मोफत ॲक्युपंक्चर व ॲक्युप्रेशर शिबिर', आणि त्याखाली आजारांची लांबलचक यादी. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, लकवा, दमा, मायग्रेन, गुडघेदुखी, वंध्यत्व. शेवटी एक ओळ : औषध नाही, ऑपरेशन नाही, साइड इफेक्ट नाही. हे शिबिर भरवणारे कुणी परके नव्हते. आपलेच कार्यकर्ते होते. सतरंज्या अंथरायला आणि रांगा लावायला आम्हीही होतो. त्यामुळे हा लेख दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी लिहिलेला नाही, हे आधीच सांगतो.

त्या शिबिरातली दोन माणसे आमच्या डोक्यातून जात नाहीत. एक मावशी, आयुष्यभर शहराचे रस्ते झाडलेल्या. कंबर इतकी धरलेली की वाकले की डोळ्यात पाणी. त्यांना सुया लावल्या, अर्धा तास पडून राहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "बाळांनो, किती महिन्यांनी रात्रभर झोपले रे." दुसरे एक काका, निवृत्त कामगार, साखरेच्या गोळ्या चालू. त्यांना सांगण्यात आले, "दहा सिटिंग पूर्ण करा, गोळ्या हळूहळू सुटतील." काकांनी हळूहळूची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. दिवाळीच्या सुमारास पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली, आणि सरकारी रुग्णालयात अंगठा काढावा लागला.

ज्यांचा फोटो त्या पत्रकावर होता त्या बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. पायांच्या वेदनांनी ते शेवटची अनेक वर्षे बेजार होते आणि त्यासाठी त्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले. त्यांच्याच फोटोखाली एका बौद्ध कामगाराला मधुमेहाची गोळी सुटेल असे सांगितले गेले, आणि आम्ही सतरंजी अंथरून दिली.

मावशींचा आराम खोटा नव्हता. काकांचा अंगठाही गेला तो गेलाच. हे दोन्ही एकाच वेळी समजून घ्यायचे असेल तर भक्ती चालणार नाही आणि टिंगलही चालणार नाही. मराठीत 'चिकित्सा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उपचार, दुसरा कसून केलेली तपासणी. आपली चळवळ दुसऱ्या अर्थावर उभी आहे. ग्रंथ कितीही जुना असो, गुरू कितीही मोठा असो, तपासल्याशिवाय मानायचे नाही, हे आपण बुद्धाकडून शिकलो. मग तपासणी मनुस्मृतीपुरतीच का? सुईचीही करू या.

जुने आहे, म्हणून खरे आहे?

पहिला युक्तिवाद ठरलेला असतो : "चीनचे हजारो वर्षांचे ज्ञान आहे." आपल्याकडे त्याला आणखी एक शेपूट जोडले जाते : "बौद्ध देशातले आहे, म्हणजे आपलेच."

हजारो वर्षे टिकले म्हणून खरे, हा युक्तिवाद आपण ऐकून घ्यावा? जातिव्यवस्थाही हजारो वर्षे टिकली. वय हा पुरावा असता तर आपल्याला महाडला जायची गरजच पडली नसती. आणि बौद्ध म्हणाल तर ॲक्युपंक्चरच्या सिद्धांताचा मूळ ग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग' चीनमध्ये धम्म रुजण्याच्या आधीचा आहे. शरीरात 'ची' नावाची ऊर्जा वाहते, तिचे ठरावीक मार्ग आहेत, मार्ग अडला की आजार होतो, ही त्यातली मांडणी. शवविच्छेदनात, सूक्ष्मदर्शकाखाली, कुठल्याही यंत्रावर हे मार्ग आजवर सापडलेले नाहीत.

चीनचा स्वतःचा इतिहासही सलग नाही. १८२२ साली दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यक संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकण्याचा हुकूम दिला. १९२९ साली तिथल्या राष्ट्रवादी सरकारपुढे सगळे पारंपरिक वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला. आज जो 'प्राचीन चिनी वैद्यक' म्हणून विकला जातो, त्याला संघटित रूप आले १९५० च्या दशकात, माओच्या राजवटीत. देश प्रचंड, आधुनिक डॉक्टर मूठभर. जे हाताशी होते ते उभे करणे राजकीयदृष्ट्या सोयीचे होते. माओचे खासगी डॉक्टर ली झिसुई यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की चिनी वैद्यकाचा प्रसार करा असे सांगणारा माओ स्वतः मात्र त्यावर विश्वास ठेवत नव्हता. जनतेला एक आणि नेत्याला दुसरे. हे आपल्याला नवे आहे का?

मग १९७१ आले. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन चीनमध्ये असताना त्यांचे ॲपेंडिक्स काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीसारखी भूल देणारी इंजेक्शने देऊन झाली. नंतर पोटात अस्वस्थ वाटू लागले तेव्हा सुया लावल्या. रेस्टन यांनी हे सरळ लिहिले होते. पण गोष्ट पसरली ती अशी : अमेरिकन पत्रकाराचे ऑपरेशन भूल न देता, नुसत्या सुयांवर झाले. ही दंतकथा आजही शिबिरांतून सांगितली जाते. पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले आणि सुईला पश्चिमेत बाजार मिळाला.

या कथेत महाराष्ट्राचेही एक नाव ओढले जाते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. १९४२ साली, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने देशात ॲक्युपंक्चरची केंद्रे चालतात, त्यामुळे अनेकांना वाटते की कोटणीसांनी चीनमध्ये सुयांनी उपचार केले. कोटणीस सर्जन होते. आघाडीवरच्या जखमी सैनिकांच्या शरीरातल्या गोळ्या त्यांनी चाकूने काढल्या. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्यांच्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू यांना दिले जाते, आणि तेही कोटणीसांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. कोटणीसांचा त्याग मोठा आहे. तो दुसऱ्या कशाची तरी जाहिरात म्हणून वापरू नये.

मोजून पाहिले तेव्हा

'मला गुण आला' हे वाक्य पुरावा म्हणून का पुरत नाही? कारण कंबरदुखी वाढते आणि आपोआप कमीही होते. दुखणे टोकाला गेले की माणूस उपचाराला जातो, आणि टोकाला गेलेले दुखणे बहुधा खालीच येते. श्रेय मात्र त्या आठवड्यात जे केले त्याला जाते. कुणाचे अंगारा, कुणाची सुई, कुणाचे इंजेक्शन.

म्हणून संशोधकांनी एक साधी युक्ती काढली. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट करायचे. एका गटाला शास्त्रात सांगितलेल्या बिंदूंवर खऱ्या सुया. दुसऱ्या गटाला खोट्या सुया : म्हणजे चुकीच्या जागी, वरवर, किंवा टोचल्यासारखी वाटणारी पण आत न जाणारी सुई. तिसऱ्या गटाला नेहमीचे उपचार किंवा नुसती प्रतीक्षा. आपल्याला कोणती सुई मिळाली हे पहिल्या दोन गटांतल्या रुग्णांना कळू द्यायचे नाही. मग आकडे पाहायचे.

जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर अशी चाचणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना फरक पडला. खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के. नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के. जर्मनीतलीच मायग्रेनची चाचणी, ३०२ रुग्ण, २००५ साल. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी झाले ते खऱ्या सुयांच्या गटात ५१ टक्के लोकांचे, खोट्या सुयांच्या गटात ५३ टक्के लोकांचे, आणि नुसत्या प्रतीक्षेत असलेल्यांपैकी १५ टक्क्यांचे. २००९ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या ६३८ जणांवर चाचणी झाली. तिथे एका गटाला सुईऐवजी नळीतून दात कोरायची काडी नुसती टेकवून फिरवली. कातडीच्या आत काहीच गेले नाही. खऱ्या सुया असोत की काडी, सुमारे ६० टक्के लोकांची हालचाल सुधारली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा. त्यातून दोन गोष्टी एकदम निघतात. पहिली, सुया घेणाऱ्यांना काहीही न मिळालेल्यांपेक्षा खरोखर जास्त आराम पडतो. दुसरी, सुई कुठे टोचली, टोचली की नाही, याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे 'ची', बिंदू, मार्ग, नाडी पाहून ठरवलेला नकाशा, ज्यासाठी कोर्स घेतले जातात आणि फी लावली जाते, त्याच्यामुळे आराम पडत नाही.

प्रामाणिकपणे पुढचेही सांगतो. सुमारे १८,००० रुग्णांची माहिती एकत्र करून २०१२ साली जे विश्लेषण झाले त्यात जुनाट वेदनांसाठी खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस दिसली. फरक लहान, पण दिसला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ साली ॲक्युपंक्चर सुचवले, २०१६ साली ती शिफारस काढून घेतली, आणि २०२१ साली एका विशिष्ट प्रकारच्या जुनाट वेदनेसाठी विचार करायला हरकत नाही असे म्हटले. वेदनेबाबत वाद अजून चालू आहे आणि तो चालू द्यावा. पण हा सगळा वाद वेदनेचा आहे. मधुमेहाच्या गोळ्या सोडवण्याचा त्यात प्रश्नच येत नाही. पत्रक छापणारे काय करतात? कंबरदुखीचा पुरावा दाखवतात आणि त्यावर मधुमेहाचा माल विकतात.

"पण जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली आहे ना?" १९७९ साली त्या संघटनेच्या मासिकात ४३ आजारांची एक यादी आली होती, तीच आजवर फिरते आहे. ही यादी नियंत्रित संशोधनावरच आधारलेली आहे असे नाही, अनुभवावर आहे, हे त्याच लेखात लिहिले होते. पत्रकात यादी येते, ते वाक्य येत नाही. "सरकारने कायदा केला, परिषद काढली." हो, महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे. कायद्याने व्यवसाय कुणी करावा हे ठरते. उपचाराने आजार बरा होतो की नाही हे विधिमंडळातल्या मतदानाने ठरत नाही.

हाताच्या जादूचे दुकान

सुईबरोबर दुसरे दुकान हाताचे. मणका 'बसवणारे', मान कडकड मोडणारे, हात न लावता ऊर्जा देणारे.

मणका बसवण्याच्या पंथाचा, म्हणजे कायरोप्रॅक्टिकचा, जन्म १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट या गावी झाला. डी. डी. पामर हा चुंबकीय उपचार करणारा माणूस. त्याच्या इमारतीत हार्वी लिलार्ड नावाचे एक कृष्णवर्णीय सफाई कामगार काम करत. त्यांना ऐकू येत नसे. आपण त्यांच्या पाठीचा मणका जोरात दाबला आणि त्यांना ऐकू आले, असा पामरचा दावा. कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यातून जातच नाही. लिलार्ड यांच्या मुलीने नंतर सांगितलेली हकिगत पामरपेक्षा वेगळी होती. पण इतिहास पामरचा लिहिला गेला. सफाई कामगाराची पाठ वापरून एक धंदा उभा राहिला, आणि त्या पाठीचा मालक मात्र फक्त 'पहिला रुग्ण' म्हणून उरला. हे वाचताना आमच्या विहारातल्या मावशी आम्हाला आठवल्या.

हात न लावता ऊर्जा देणाऱ्यांची परीक्षा एका शाळकरी मुलीने घेतली. अमेरिकेत 'थेरप्युटिक टच' नावाची पद्धत परिचारिकांमध्ये जोरात होती. तिच्या दोन संस्थापिकांपैकी एक थिऑसॉफिकल चळवळीतली, आणि समर्थनाला आपल्याकडचा 'प्राण' हा शब्द उसना घेतलेला. रुग्णाच्या शरीराभोवतीचे ऊर्जाक्षेत्र हाताला जाणवते, हा दावा. एमिली रोझा नऊ वर्षांची असताना तिने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी मध्ये पुठ्ठ्याचा पडदा लावला. पलीकडे उपचारकांनी दोन्ही हात ठेवायचे. एमिली नाणे उडवून त्यांच्या एका हाताजवळ आपला हात धरायची आणि विचारायची, कोणत्या हाताजवळ? २१ उपचारक, २८० प्रयत्न, १२३ उत्तरे बरोबर. म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून नाणे उडवले असते तरी यापेक्षा जास्त जमले असते. १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती ११ वर्षांची होती. इतकी वर्षे कुणा पदवीधराला हा पुठ्ठा का सुचला नाही? कारण विचारायची हिंमत झाली नाही. आपल्या शाळांतल्या पोरापोरींना हा प्रयोग करून दाखवा. खर्च एका पुठ्ठ्याचा आहे.

"अपाय तर काही नाही ना?" आहे. मान झटक्यात फिरवल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. दुर्मीळ आहेत, पण सलूनच्या खुर्चीत गंमत म्हणून मान मोडून घेताना ती धोक्याची पाटी कुठे लावलेली असते? छातीवर खोल टोचलेल्या सुईने फुप्फुसाभोवती हवा भरल्याच्या नोंदी आहेत. तीच सुई पुन्हा वापरली तर काविळीचे विषाणू पसरतात. मोडलेल्या हातावर हाडवैद्याने पट्टी करकचून आवळली की रक्तपुरवठा तुटतो आणि हात काळा पडतो. अशी मुले घेऊन आलेले आईबाप आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या हाडांच्या विभागाने पाहिलेले आहेत. आणि सगळ्यात मोठा अपाय काकांचा : चालू असलेला खरा उपचार सुटणे.

पण हात बरे करतातही

कुणी म्हणेल, मग तुमचा विश्वास फक्त गोळ्या आणि इंजेक्शनवर. मुळीच नाही. हातांनी केलेले काही उपचार इतके प्रभावी आहेत की त्यांच्यापुढे ऑपरेशन मागे पडले.

जन्मतः पाय आत वळलेली बाळे आपल्या वस्त्यांत दिसतात. पूर्वी मोठी शस्त्रक्रिया करत. इग्नासिओ पोन्सेती हे स्पॅनिश यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींची सेवा करून परागंदा झालेले डॉक्टर आयोवाच्या विद्यापीठात पोचले. ज्या राज्यात पामरने दुकान काढले तेच राज्य. त्यांनी पद्धत बसवली : दर आठवड्याला बाळाचा पाय हाताने हलकेच सरळ करायचा, प्लास्टर घालायचे, पुन्हा काढून पुन्हा सरळ करायचा. पाच-सहा प्लास्टर, बहुतेकांना टाचेमागे एक बारीक छेद, आणि नंतर काही वर्षे झोपताना विशेष बूट. बाळ चालायला लागते. आपल्याकडे राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे, म्हणजे हा उपचार मिळणे हा आपल्या बाळांचा हक्क आहे. किती जणांना माहीत आहे?

कूस बदलली की गरगरणे हा एक आजार असतो. कानाच्या आतल्या सूक्ष्म खड्यांमुळे होतो. डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते खडे जागेवर नेण्याची एपली यांची पद्धत काही मिनिटांची आहे. तिचीही खोट्या हालचालींशी तुलना झाली आणि ती खरी उतरली. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणे, कांगारू पद्धत, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडले म्हणून सुरू झाली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मल्याबरोबर असे धरलेल्या बाळांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. औषध नाही, यंत्र नाही. नुसता स्पर्श.

फरक कुठे आहे पाहा. हे उपचार एकेका आजारापुरते बोलतात. आतून काय घडते ते दाखवतात. स्वतःला मोजू देतात. उत्तर विरोधात गेले असते तर सोडून द्यायची तयारी ठेवतात. जो हात सगळे आजार बरे करतो म्हणतो आणि मोजू देत नाही, तो डॉक्टरचा नाही, भटजीचा हात आहे. मग त्याने अंगात पांढरा कोट घातलेला असो की गळ्यात निळा पट्टा.

स्पर्श हा आपला प्रश्न आहे

आता मावशींकडे परत येऊ. बिंदूंमुळे नाही, तर त्यांना आराम कशाने पडला? आम्ही त्यांनाच विचारले. म्हणाल्या, "दवाखान्यात गेले की डॉक्टर वर बघत नाही. कुठं दुखतं विचारतो आणि लिहायला लागतो. त्या पोरीनं माझ्या कमरेला हात लावून विचारलं, इथं का मावशी? अर्धा तास झोपू दिलं. मला कोण झोपू देतं?"

खोट्या सुयांनीही लोकांना बरे का वाटते, याचे उत्तर या चार वाक्यांत आहे. वेळ, विसावा, ऐकणारा कान, आणि स्पर्श.

आणि स्पर्श म्हटले की आपला इतिहास सुरू होतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे, १९२९ साली 'यंग इंडिया'त छापलेले. बायको बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावातल्या बड्या माणसाने मध्यस्थी केल्यावर आला तो बाईला वस्तीबाहेर आणून ठेवण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने स्वतः लावला नाही. एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने सांगितले, न्यूमोनिया. छातीला हात नाही, नाडीला हात नाही. ती बाई गेली.

त्याच समाजात मालिश करणारे हात कुणाचे होते? बाळंतपण करणाऱ्या, नाळ कापणाऱ्या सुइणी कुठल्या वस्तीतून येत? गावोगाव मांग, महार, न्हावी समाजाच्या बायांच्या हातांवर सवर्णांची बाळे जन्मली. काम त्या हातांनी केलेले चालायचे, नंतर तेच हात विटाळाचे. आज तोच तेला-मालिशीचा स्पर्श 'प्राचीन वेलनेस' म्हणून एसी खोलीत हजारोंच्या दराने विकला जातो, आणि ज्यांच्या आज्यांचे हात होते त्यांच्या वाट्याला विहारातले मोफत शिबिर.

दुखणे तरी कुणाचे आहे? गटारात उतरणाऱ्याचे, डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या बाईचे, बारा तास उभ्या सुरक्षारक्षकाचे. या कमरा 'ची' अडल्यामुळे धरलेल्या नाहीत. त्या ओझ्याने धरलेल्या आहेत. झाडूचा दांडा लांब केला, ओझ्यावर मर्यादा घातली, हक्काची सुट्टी दिली, तर जेवढा आराम पडेल तेवढा हजार सुयांनी पडणार नाही. सुई टोचून माणूस पुन्हा त्याच ओझ्याखाली पाठवायचा, ही मालकाच्या सोयीची चिकित्सा आहे.

आम्हाला 'ॲलोपॅथीचे दलाल' म्हणणारे म्हणतील. खासगी रुग्णालयांची लूट आम्हाला माहीत आहे, आमच्याच घरातले दागिने तिथे गहाण पडलेत. पण एका लुटीवर दुसरी फसवणूक हा उतारा होत नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून सुईवाला येतो. सुईवाला आला की डॉक्टर मागणारा मोर्चा थंडावतो. हा सौदा कुणाच्या फायद्याचा आहे, याचा विचार करा.

मग करायचे काय?

विहारात आणि जयंती मंडळात कुठलेही आरोग्य शिबिर घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणत्या आजारासाठी? खोट्या उपचाराशी तुलना झाली आहे का? चालू गोळ्या बंद करायला सांगणार का? तिसऱ्याचे उत्तर 'हो' आले की सतरंजी गुंडाळा.

मधुमेह, लकवा, कर्करोग बरा करण्याचे दावे दिसले तर पत्रक जपून ठेवा. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालापासून आहे. त्याच्या आधारे तक्रार करता येते का ते आपल्या वकील मित्रांना दाखवा.

ज्यांना सुयांनी कंबरेला बरे वाटते त्यांची थट्टा करू नका. नवी, सीलबंद सुई, प्रशिक्षित माणूस, आणि गोळ्या चालू, एवढे पाहा. त्यांचा आराम हिरावून घेण्याचा अधिकार आम्हाला नाही.

ग्रामीण रुग्णालयात आणि महापालिकेच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्टचे पद मागा, आणि असेल तर ते भरलेले आहे का ते माहितीच्या अधिकारात विचारा. सफाई कामगारांच्या युनियनने पगाराबरोबर कंबरेचा प्रश्नही मागणीपत्रात घालावा. आणि आपल्या पोरापोरींनी फिजिओथेरपी, नर्सिंग, वैद्यकशास्त्र या शाखांत शिरावे. ज्या हातांना शतकानुशतके विटाळ म्हटले, त्या हातांनी शास्त्र शिकून रुग्णाच्या कमरेला हात लावून विचारावे, "इथं का मावशी?"

आम्ही काकांना भेटायला गेलो होतो. ते आमच्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "विहारात होतं, म्हणून मी खरं मानलं." या एका वाक्याने आमची झोप उडाली. विहारात जे सांगितले जाते ते लोक खरे मानतात. म्हणून तिथे काय सांगायचे याची चिकित्सा आधी आपणच केली पाहिजे.

काकांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. दर महिन्याला आमच्यातला एक जण त्यांच्यासोबत साखर तपासायला जातो. मावशींच्या कमरेसाठी फिजिओथेरपिस्ट शोधतो आहोत. सरकारी दवाखान्यात ते पद रिकामे आहे. पुढचे निवेदन त्याचेच आहे. सही करायला या.

जय भीम.